पंगत आणि चाळ

कोळसुंदा आणि वटवाघूळ या दोन प्राण्यांची तुलना करावी, असे सहसा कोणाला सुचणार नाही. मलाही सुचले नसते. पण एप्रिलमधल्या एकाच दिवशी सकाळी ताडोबात मी पहिला पाहिला आणि संध्याकाळी मामांच्या गावच्या तलावाच्या पाळीवर बसून दुसरे पाहिले, आणि त्यानंतर कित्येक दिवस ही दोन्ही दृश्ये डोक्यात एकमेकांना चिकटूनच राहिली.

मोहर्ली फाटकातून आत शिरून तास उलटला होता. वाघ दिसलेला नव्हता, त्यामुळे जिप्सीतल्या मंडळींचा उत्साह ओसरत चालला होता. इतक्यात गाइडने हात वर करून गाडी थांबवायला लावली आणि म्हणाला, “शीळ ऐका.” मला ती आधी एखाद्या पक्ष्याचीच वाटली. रिकाम्या काडतुसाच्या तोंडावर फुंकर घातली की जसा आवाज निघतो, तशी आखूड आणि पोकळ. रानकुत्रा म्हणा, कोळसून म्हणा, कोळशिंदा म्हणा किंवा आमच्याकडे म्हणतात तसे कोळसुंदा म्हणा, हा प्राणी कुत्र्याच्या कुळातला असूनही गावच्या कुत्र्यासारखा भुंकत नाही. दाट झाडीत पांगलेली टोळी या शिळेवर एकमेकांचा माग ठेवते.

वळणापलीकडे पाणवठा होता आणि त्याच्या कडेला, पोटापर्यंत पाण्यात, चितळाची मादी उभी होती. काठावर सात कोळसुंदे होते. तांबूस विटकरी अंग, वर गोल कान, आणि मागे झुबकेदार काळी शेपटी, जणू कोणी ती काजळात बुडवून काढली आहे. पंधरा-वीस किलोंच्या आतला हा प्राणी आपल्या कितीतरी पट वजनाचे सांबर पाडतो, ते ताकदीच्या बळावर नव्हे, तर संख्येच्या आणि चिकाटीच्या बळावर. दोघे पाण्यात उतरले, पोहत मागून गेले, आणि पुढचे सगळे इतक्या झटपट घडले की कॅमेरे वर होईपर्यंत मादी काठावर ओढली गेली होती. वाघ-बिबट्या गळा धरतात आणि भक्ष्य आधी मरते, मग खाणे सुरू होते. कोळसुंदा थांबत नाही. तो मागच्या बाजूने आणि पोटाकडून सुरुवात करतो, आणि भक्ष्याचा जीव जायच्या आत खाणे अर्ध्यावर आलेले असते. जिप्सीतल्या एका बाईंनी डोळे झाकून घेतले आणि विचारले, “आधी मारत का नाहीत हो त्याला?” कोणीच उत्तर दिले नाही. याच एका सवयीपायी या जनावराला दीडशे वर्षे क्रूर, नीच, घातकी अशी विशेषणे चिकटली आहेत, हे मला ठाऊक होते, पण त्या क्षणी ते बोलून दाखवण्याची ही वेळ नव्हती.

पाचेक मिनिटांनी झुडपातून तीन पिल्ले आली. अंगावर अजून भुरकट काळसर झाक, पाय जमिनीवर नीट न ठरणारे. ती आली आणि खाणाऱ्या मोठ्यांनी तोंडे वर केली, आणि बाजूला सरले. कोणी कोणावर गुरकावले नाही. पिल्लांची पोटे टमटमीत होईपर्यंत ते सातही जण, नाकापासून छातीपर्यंत रक्ताने माखलेले, थोड्या अंतरावर बसून राहिले. आमच्याकडे लग्नात पहिली पंगत मुलांची बसते आणि यजमान घरातली माणसे सगळ्यांत शेवटी जेवतात, त्याचीच आठवण झाली. पिल्ले याहून लहान असताना तर मोठे बिळाशी परत जाऊन खाल्लेले मांस त्यांच्यापुढे ओकून देतात, आणि बिळाशी राखणीला थांबलेल्यालाही त्यातला वाटा मिळतो. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते १९७८ या काळात बंदिपूरच्या जंगलात पायी फिरून या प्राण्याचा अभ्यास केला, तेव्हा कुठे हे कौटुंबिक चित्र नीट नोंदले गेले. त्याआधी कोळसुंद्याविषयीचा बराचसा मजकूर शिकाऱ्यांनीच लिहिलेला होता, आणि हरणे मारायला आलेल्या शिकाऱ्याला हरणे मारणारा दुसरा प्राणी आवडावा, अशी अपेक्षा करणेच चूक.

मामांचे गाव तिथून दोन तासांवर, एका जुन्या मालगुजारी तलावाच्या काठी आहे. पाळीवर चिंचेची तीन म्हातारी झाडे आहेत आणि त्यांवर वर्षानुवर्षे वटवाघळांचा मुक्काम आहे. ही छोटी पाकोळी नव्हेत. पंख पसरले तर सव्वा ते दीड मीटर भरतील, वजन दीड किलोच्या आसपास जाईल, अशी मोठी फळखाऊ वटवाघळे. यांच्या तोंडाकडे दुर्बिणीतून पाहिले की पहिला विचार मनात येतो तो कुत्र्याचाच: लांबट नाक, टोकदार कान, मोठे तपकिरी डोळे, मानेभोवती सोनेरी तांबूस लोकर. इंग्रजीने याला ‘उडता कोल्हा’ म्हटले, ते उगाच नव्हे. मराठी नावात मात्र वाघ दिसतो, आणि तो फसवा आहे. वाघूळ हा शब्द वाघावरून नव्हे, तर संस्कृतातल्या वल्गुलीवरून आला, आणि वडाच्या सोबतीने त्याचे वटवाघूळ झाले.

दिवसभर ही झाडे झोपलेली असतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती एखाद्या गिरगावातल्या चाळीसारखी असतात. कोणाला सरकायचे आहे, कोणाला जागा हवी आहे, कोणाचा पंख दुसऱ्याच्या तोंडावर आला आहे, आणि यावरून सतत चिरचिरणे, चावे, थपडा चालू. त्या दिवशी पारा पंचेचाळिसाच्या आसपास होता. हजारभर वटवाघळे एक पंख अंगाभोवती लपेटून दुसऱ्याने स्वतःला वारा घालत होती, आणि लांबून ते झाड हातपंखे हलवणाऱ्या बायकांनी भरलेल्या मांडवासारखे दिसत होते. फार ऊन झाले की ती स्वतःचे अंग आणि पंख चाटून ओले करतात. त्याहूनही वाढले तर टपाटप खाली पडून मरतात. विदर्भातल्या मे महिन्यात हे वाक्य उपमा म्हणून वाचू नये.

उलटे टांगून राहायला त्यांना कष्ट पडत नाहीत, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. पायाच्या बोटांतले स्नायुबंध असे बसवलेले असतात की शरीराच्या वजनानेच पकड घट्ट होते. पकड सोडायला श्रम लागतात, धरायला नाही. फक्त लघवीच्या वेळी ते अंगठ्याच्या नख्यांनी फांदी धरून सुलटे होते, काम उरकते आणि पुन्हा उलटे लटकते. हे मी दुर्बिणीतून पाहिले आणि एकटाच हसलो, कारण सकाळी गाइडने कोळसुंद्याबद्दल नेमकी उलट कथा ऐकवली होती: म्हणे तो आपले मूत शेपटीवर घेतो, झुडपांवर आणि भक्ष्याच्या डोळ्यांत उडवतो, आणि आंधळे झालेले जनावर आयते पकडतो. ही समजूत विदर्भापासून कोकणापर्यंत ऐकू येते. तिच्यात तथ्य काही नाही. ज्याचे यश समजत नाही, त्याच्या पदरी काहीतरी लबाडी बांधावी लागते, एवढेच तिच्यातून कळते. स्वतःच्या अंगावर शिंतोडेही न पडू देणाऱ्या वटवाघळाला मात्र आपण घाणेरडे म्हणतो.

तर सकाळी पंगत पाहिली होती आणि संध्याकाळी चाळ. हा फरक मनात पक्का बसला आणि त्यावर मी बराच खूश होतो. कोळसुंदे एकत्र असतात, कारण त्यांना एकमेकांवाचून पोट भरता येत नाही. एकटा कोळसुंदा ससा धरेल, हरणाचे पाडस धरेल, पण सांबर नाही, आणि पिल्ले तर नाहीतच वाढवू शकणार. वटवाघळे एकत्र असतात ती झोपण्यापुरती. दिवेलागणीला ती एकामागोमाग एक सुटतात आणि जो तो आपापल्या झाडाकडे जातो. आलेले फळ कोणी कोणाला देत नाही, उलट फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन एकान्तात खाण्याची त्यांची रीत आहे, म्हणजे कोणी हिसकावू नये. चावून रस गिळायचा आणि चोथ्याची गोळी थुंकायची. आई तेवढी अपवाद: वर्षाकाठी एकच पिल्लू, आणि पहिले काही आठवडे ते छातीला लावून तिचे रात्रभर उडणे.

पण निसर्गाला असे कप्पे करून दिलेले आवडत नाहीत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्तावर जगणारी वटवाघळे आहेत, आणि जगातल्या सगळ्या वटवाघळांची बदनामी ज्यांच्यामुळे झाली ती हीच. दोन-तीन रात्री रक्त मिळाले नाही तर ते वटवाघूळ मरते. म्हणून उपाशी परतलेल्याला ढोलीतला शेजारी आपल्या पोटातले रक्त ओकून देतो, आणि तो शेजारी नात्यातलाच असतो असेही नाही. पूर्वी ज्याने दिले त्याला बहुधा परत मिळते. १९८४ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून सहकार्याच्या अभ्यासात हे उदाहरण सतत येते. म्हणजे पोटातला घास काढून देण्याची चाल कोळसुंद्यातही आहे आणि वटवाघळांतल्या सर्वांत बदनाम जातीतही आहे, आणि सात्त्विक फळाहारी जातीत नाही. चाळ आणि पंगत ही माझी मांडणी तिथेच लंगडी पडली. ती मी सोडून दिली नाही, पण तिच्यावर भार टाकायचे सोडले.

आणखी एक कप्पा मोडतो तो वंशावळीचा. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत पशू आणि पक्षी यांच्या युद्धात वटवाघूळ जिंकणाऱ्या बाजूला जाते आणि शेवटी दोघांकडूनही हाकलले जाते. पंख असलेला उंदीर, अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात पक्की असते. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनिअसने १७५८ साली त्याला चक्क माकडांच्या आणि माणसांच्या गणात बसवले होते, कारण त्याची स्तने छातीवर असतात. गेल्या पंचवीस-एक वर्षांतल्या जनुकीय अभ्यासांनी हा वाद मिटवला. सस्तन प्राण्यांची जी मोठी शाखा कुत्री, मांजरे, घोडे, गायी, देवमासे आणि खवले मांजर यांना सामावते, तिच्यातच वटवाघूळ येते. उंदीर दुसऱ्या शाखेवर आहे, आणि त्या शाखेवर त्याच्या सोबतीला आपण आहोत. म्हणजे तलावावरचे ते लोकरीचे तोंड पाहून मनात कुत्रा आला, तो योगायोग असला तरी अगदीच वावगा नव्हता. कोळसुंद्याला उंदराहून वटवाघूळ जवळचे. आणि उंदराला कोळसुंद्यापेक्षा आपण जवळचे, हे मात्र मामांना सांगायचे धाडस मला झाले नाही. त्यांच्या धान्याच्या कोठीत त्या वर्षी घुशींनी थैमान घातले होते.

कोळसुंदा आपल्या नातलगांतही थोडा वेगळाच निघाला. कुत्र्याला, लांडग्याला बेचाळीस दात असतात, याला चाळीस. खालच्या जबड्यात दोन्हीकडची शेवटची दाढ नाही. मांसाखेरीज फारसे काही चावायचे नाही, तर दळायची दाढ कशाला? आणि त्याचे आयुष्य धावपळीचे, पिल्ले एका वेळी आठ-दहा सुद्धा, बंदिवासात पंधरा-सोळा वर्षे म्हणजे खूप झाले. त्याच्या दशांश वजनाचे हे मोठे वटवाघूळ बंदिवासात तीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. वर्षाला एक पिल्लू आणि दीर्घ आयुष्य, असा हिशेब असलेल्या प्राण्याचे एक झाड तोडले, एक उन्हाळा फार कडक गेला, की भरपाई व्हायला पिढ्या लागतात.

या दोघांना एकत्र बांधणारी गोष्ट शेवटी कायद्याच्या पुस्तकात सापडली. इंग्रजांच्या काळात कोळसुंद्याच्या मुंडक्यावर बक्षीस असे, आणि स्वातंत्र्यानंतरही ते चालू राहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले. त्याच कायद्याने फळखाऊ वटवाघळांना मात्र पाचव्या सूचीत टाकले. ती सूची उपद्रवी प्राण्यांची होती, आणि तिच्यात कावळा, उंदीर, घूस आणि फळखाऊ वटवाघूळ असे शेजारी बसवले होते. पेरूच्या बागेत एका रात्रीत किती नुकसान होते ते बागवाल्यालाच विचारावे, हे मान्य. पण रानात वड, पिंपळ, उंबर कोण पेरतो याचा हिशेब त्या सूचीत नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ही सूचीच रद्द केली आणि कोळसुंदा पहिल्या सूचीत गेला. जगात प्रजननक्षम कोळसुंदे साधारण हजार ते दोन हजारांच्या घरात उरले असावेत, असा अंदाज आहे. एकाला बक्षीस लावून मारायचे थांबवल्यावर पन्नास वर्षांनी दुसऱ्याचे नाव उपद्रवींतून निघाले, तोपर्यंत पहिला संपत आलेला होता.

आजाराच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. वटवाघळाचे आपल्याला भय वाटते: निपाह विषाणूचे घर म्हणजे हीच मोठी फळखाऊ वटवाघळे, आणि २०१८ साली कोझिकोडमध्ये त्याने बळी घेतले. मग २०२० मध्ये करोना आला आणि मामांच्या गावातल्या काही मंडळींनी चिंचेच्या फांद्या छाटून टाका, असा लकडा लावला. मामा म्हणाले, “थे काय आज आले का रे? माया आज्याच्या पहिलेपासून हायेत थे.” झाडे वाचली. भय निराधार होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी उष्टे केलेले फळ खाऊ नये, आणि त्यांना उठवून, हुसकावून, मारून अंगाशी ओढवून घेऊ नये, एवढे शहाणपण पुरते. कोळसुंद्याला मात्र आपले भय वाटायला हवे. जंगलाच्या कडेच्या गावांतली मोकाट कुत्री रेबीज आणि कॅनाइन डिस्टेंपर घेऊन आत जातात, आणि एकमेकांची तोंडे चाटून प्रेम दाखवणाऱ्या टोळीत असा रोग शिरला की टोळीच्या टोळी बसते. त्यांना संपवायला आता बंदूक लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामींबरोबर मी मोह वेचायला गेलो. गावाच्या शिवेवरचे झाड, वर अजून दोन-तीन वटवाघळे रेंगाळत होती. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. रात्रभर वटवाघळे ती रसाळ पाकळी खायला येतात, त्यांच्या तोंडाला परागकण लागतो आणि या झाडाचा त्या झाडाला जातो. पुढे फळ धरले की तेही तेच नेतात, लांब कुठेतरी गर खाऊन बी टाकतात. मोहाखाली सकाळी चितळे फुले खायला येतात आणि चितळांच्या मागावर कोळसुंदे. तुलना करायला निघालेले हे दोन प्राणी आयुष्यात कधी एकमेकांना भेटत नसतील, पण या झाडाच्या सावलीत एकाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते. झाडाखाली वेचणाऱ्या बायका जमल्या होत्या, आणि त्यांच्या पालापाचोळा जाळलेल्या काळ्या चौकोनात पिवळट फुलांचा सडा पडला होता.

टोपलीत फुलांबरोबर एक चोथ्याची गोळी आली. मामींनी ती उचलून पाहिली. तिच्यावर वटवाघळाच्या टाळूच्या आडव्या कंगोऱ्यांचे ठसे जसेच्या तसे उमटले होते, साच्यातून काढावे तसे. त्यांनी ती फेकून दिली आणि बोटे लुगड्याला पुसली. शेजारी वेचत असलेली एक म्हातारी हसली. तिच्या लहानपणी म्हणे या मोहाखाली कोळसुंद्यांनी चितळ पाडले की आरोळी उठायची, आणि गावातली माणसे काठ्या घेऊन धावायची. कोळसुंदे गुरगुरत मागे सरायचे आणि जंगलाच्या कडेला बसून राहायचे. “मंग?” मी विचारले. “मंग काय,” ती म्हणाली, “तंगडी आमी घरी आणली. थे बसले पाहत.”